छानक, सक्रिय निम्नपारक

विद्युत् संकेतातील ठराविक कंप्रतेपर्यंतचे (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणारी आवर्तने) घटक जवळजवळ न बदलता पुढे जाऊ देणारे आणि त्यापलीकडील घटक उत्तरोत्तर क्षीण करणारे मंडल म्हणजे निम्नपारक छानक होय. व्यवहारात छानकास फिल्टर असेच म्हणतात. ज्या कंप्रतेपाशी संकेत क्षीण होऊ लागतो तिला छेद-कंप्रता अशी संज्ञा आहे. केवळ रोधक, धारित्रे व प्रवर्तक वेटोळी यांनी बनलेला छानक निष्क्रिय होय. ज्यात निर्वात नलिका, ट्रँझिस्टर किंवा संकलित मंडलाच्या रूपातील विवर्धक हा छाननक्रियेचाच एक भाग असतो तो सक्रिय होय. विवर्धकाच्या प्रदानाकडील (बाहेर पडणाऱ्या) विद्युत् दाबाचे आदानाकडील (आत येणाऱ्या) विद्युत् दाबाशी असलेले गुणोत्तर म्हणजे त्याचा लाभ किंवा गेन. सक्रिय छानकात या लाभावर दोन जबाबदाऱ्या येऊन पडतात : संकेत किती मोठा व्हावा हे तर तो ठरवतोच, शिवाय छेद-कंप्रतेच्या आसपास छाननवक्राचा आकार कसा असावा हेही पुष्कळदा तोच ठरवतो. त्यामुळे संकेत थोडा मोठा करण्यासाठी लाभ वाढवावा, तर छानकाचे स्वरूपच पालटते आणि एका मर्यादेपलीकडे तो छानक न राहता आंदोलक बनतो. ही गाठ कशी पडली आणि ती कशी सोडवत नेली गेली, हा या प्रकारच्या छानकांच्या इतिहासातील मुख्य धागा आहे.

निष्क्रिय छानकांचा काळ : दूरध्वनीच्या लांब तारांवर ठराविक अंतराने प्रवर्तक वेटोळी बसविल्यास आवाज अधिक दूर पोहोचतो, या विषयावर अमेरिकेत जॉर्ज ॲश्ली कॅम्बेल यांनी १९०० च्या सुमारास काम केले. अशा भारित तारेवर एका ठराविक कंप्रतेच्या वरचे संकेत जवळजवळ अडविले जातात, हेही त्या वेळीच ध्यानात आले होते. दोष म्हणून दिसलेला हा गुण मुद्दाम वापरण्याची कल्पना पुढे कॅम्बेल यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे जर्मनीत कार्ल व्हिली वाग्नर यांनी, १९१५ च्या सुमारास मांडली. कॅम्बेल यांना त्यांची एकस्वे (पेटंट) १९१७ मध्ये मिळाली. वाग्नर यांचे काम पहिल्या महायुद्धामुळे १९१९ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकले नाही. एकाच तारेवरून अनेक संभाषणे निरनिराळ्या कंप्रतांवर आरूढ करून पाठविण्याच्या वाहक दूरध्वनी पद्धतीला छानकांची नितांत गरज होती. अशी व्यापारी सेवा १९१८ मध्ये बॉल्टिमोर व पिट्सबर्ग या शहरांदरम्यान सुरू झाली. ऑटो झोबेल यांनी १९२३ मध्ये छानकांच्या अभिकल्पाची (डिझाइनची) पद्धतशीर रीत प्रसिद्ध केली आणि पुढील काही दशके अभियंते मुख्यत्वे तिच्यावरच विसंबून होते.

या व्यवस्थेत लाभाचा प्रश्न छानकापासून वेगळा होता. छानक केवळ गाळण्याचे काम करी, त्यात होणारी घट पुढे स्वतंत्र विवर्धक भरून काढी, आणि विवर्धकाचा लाभ वर-खाली केला तरी छाननवक्रावर त्याचा परिणाम होत नसे. उणीव होती ती वेटोळ्यांत. कंप्रता जितकी कमी तितके वेटोळे मोठे, जड, महाग व अपव्ययी. झोबेल यांच्या काळातील रीतीनुसार ६०० ओहम संरोधाच्या आणि १० हर्ट्‌झ छेद-कंप्रतेच्या निम्नपारक छानकाच्या एका खंडास सु. १९ हेन्री प्रवर्तन लागते. एवढे वेटोळे करावयाचे तर लोखंडी गाभ्यावर तारेचे हजारो वेढे घ्यावे लागतात. तारेचा रोध आणि गाभ्यातील ऊर्जाव्यय यांमुळे वक्राची धार बोथट होते, आणि असे वेटोळे आजूबाजूच्या रोहित्रांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते, हा आणखी एक त्रास.

विवर्धकाचा लाभ भरवशाचा होतो : वेटोळ्यांऐवजी विवर्धकाकडून काम करून घ्यावयाचे, तर प्रथम विवर्धकाचा लाभ स्थिर असला पाहिजे. निर्वात नलिकेचा लाभ तिच्या वयाप्रमाणे, तंतूच्या तापमानाप्रमाणे व पुरवठ्याच्या दाबाप्रमाणे बदलत असे. या अडचणीवरील उपाय हॅरल्ड स्टीफन ब्लॅक या अमेरिकन अभियंत्यास २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर सुचला आणि त्याने तो हातातील वृत्तपत्राच्या पानावरच टिपून ठेवला. विवर्धकाचा मूळ लाभ गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठेवावयाचा आणि प्रदानाचा ठराविक अंश उलट दिशेने आदानाकडे परत आणून जादा लाभ खर्ची घालावयाचा, हे त्याचे तत्त्व. यास ऋण पुनःप्रदाय म्हणतात. समजा, मूळ लाभ १,००,००० आहे आणि प्रदानाचा शंभरावा भाग परत नेला आहे. तर प्रत्यक्ष लाभ ९९·९ मिळतो. नलिका जुनी होऊन मूळ लाभ निम्म्यावर, म्हणजे ५०,००० वर आला, तरी प्रत्यक्ष लाभ ९९·८ राहतो. अशा रीतीने लाभ ठरविण्याचे काम लहरी नलिकेकडून निघून दोन रोधकांच्या गुणोत्तराकडे आले. मिळालेली शक्ती वाया घालविण्याची ही कल्पना त्या काळी इतकी विपरीत वाटली की, १९२८ मध्ये अर्ज केलेले एकस्व ब्लॅक यांच्या हाती पडावयास १९३७ साल उजाडले. दरम्यान हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये पुनःप्रदाय असलेले मंडल केव्हा स्थिर राहते व केव्हा आपोआप आंदोलने करू लागते याची कसोटी दिली, आणि हेंड्रिक बोडे यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सर्व विषय सुसूत्र केला.

छानक व विवर्धक यांची सांगड घालण्याचा या काळातील उल्लेखनीय प्रयत्न इंग्लंडमधील स्टीफन बटरवर्थ यांचा होय. त्यांचा १९३० मधील निबंध आज त्यातील सूत्रासाठी ओळखला जातो : पारणपट्ट्यात शक्य तितका सपाट व पुढे एकसारखा उतरणारा, छेद-कंप्रतेपाशी ०·७०७ पट दाब देणारा वक्र आजही त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु त्या निबंधाचा विषय ‘छानक-विवर्धक’ हा होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. बटरवर्थ यांनी छानकाचे लहान लहान खंड पाडून दोन खंडांमध्ये एकेक नलिका बसविली. त्यामुळे एका खंडाचा भार दुसऱ्यावर पडत नाही, प्रत्येक खंड वेगळा जुळवता येतो आणि घट जेथल्या तेथे भरून निघते. त्यांचे खंड वेटोळ्यांचेच होते. नलिका खंडांच्या मध्ये होती, खंडाच्या आत नव्हती. म्हणून त्यांच्या रचनेत लाभ व आकार अद्याप विभक्तच होते.

केवळ रोधक व धारित्रे यांचे जाळे पुनःप्रदायाच्या मार्गात घालून वेटोळ्याविना निवडक मंडले करता येतात, हे १९३८ मध्ये एच्. एच्. स्कॉट यांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धात व नंतर सदृश संगणकांसाठी उच्च लाभाचे विवर्धक तयार झाले. त्यांना ‘क्रियात्मक विवर्धक’ (ऑप-अँप) ही संज्ञा १९४७ मध्ये रॅगझिनी, रँडल व रसेल यांच्या निबंधातून रूढ झाली. अमेरिकेत जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी दोन नलिकांचा, खोबणीत बसविता येणारा असा विवर्धक बाजारात आणला. त्यास धन व ऋण ३०० व्होल्ट पुरवठा लागत असे.

सॅलन व की यांचे मंडल : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिंकन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्. पी. सॅलन व ई. एल्. की यांचा मार्च १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध हा या विषयातील मैलाचा दगड होय. त्यांचे प्रयोजन अगदी व्यावहारिक होते. सु. ३० हर्ट्‌झच्या खाली उपलब्ध वेटोळी इतकी अपव्ययी ठरतात की, त्यांच्यापासून धारदार छानक बनविणे शक्य होत नाही. म्हणून रोधक, धारित्रे व एक साधा विवर्धक यांपासून जुळविता येतील अशा मंडलांचा एक संग्रहच त्यांनी अभिकल्पकांच्या हाती दिला. विवर्धक म्हणून पुष्कळ ठिकाणी केवळ एक ऋणाग्र अनुगामी (कॅथोड फॉलोअर) पुरेसा होता. त्याचा लाभ एकाहून किंचित कमी, पण स्थिर असतो.

त्यांच्या निम्नपारक मंडलाची रचना अशी : आदानापासून विवर्धकापर्यंत दोन रोधक एकापुढे एक जोडलेले असतात. विवर्धकाच्या तोंडाशी एक धारित्र भूमीस जोडलेले असते. दुसरे धारित्र दोन रोधकांच्या सांध्यापासून निघते, पण ते भूमीकडे न जाता विवर्धकाच्या प्रदानास जोडले जाते. सर्व मर्म या एका जोडणीत आहे. ते धारित्र भूमीस जोडले असते, तर मंडल म्हणजे रोधक-धारित्रांचे दोन निष्क्रिय खंड झाले असते आणि त्याचा वक्र फार आधीपासून ढळू लागला असता. प्रदानास जोडल्यावर अगदी कमी कंप्रतेस धारित्राची दोन्ही टोके बरोबरच वर-खाली होतात व ते जणू नसल्यासारखे राहते. छेद-कंप्रतेच्या आसपास प्रदानाकडून परत येणारा प्रवाह सांध्यावरील ढळणारा दाब उचलून धरतो. त्या पलीकडे प्रदानच नाहीसे होत जाते, म्हणून ते टोक भूमीस जोडल्यासारखे होऊन धारित्र पूर्ण शक्तीने गाळू लागते. ज्या ठिकाणी निष्क्रिय मंडल खचते नेमक्या त्याच ठिकाणी आधार देणारा हा धन पुनःप्रदाय होय.

आधार किती मिळावा हे विवर्धकाच्या लाभावर अवलंबून असते, आणि येथेच गाठ पडते. छेद-कंप्रतेपाशी वक्र किती उचलला जातो याचे माप क्यू-मूल्याने देतात. दोन्ही रोधक समान व दोन्ही धारित्रे समान असतील तर

लाभ = ३ − (१ ÷ क्यू)

एवढे साधे सूत्र मिळते. लाभ शून्य, म्हणजे आधार मुळीच नाही, असे मानल्यास क्यू = ०·३३३ येते आणि ते निष्क्रिय मंडलाचेच मूल्य आहे. बटरवर्थ यांचा सपाट वक्र हवा असेल तर क्यू ०·७०७ व लाभ १·५८६ असला पाहिजे. बेसेल फलनावर आधारलेला, संकेताचे रूप फारसे न बिघडविणारा वक्र हवा असेल तर लाभ १·२६८; पारणपट्ट्यात एक डेसिबेलची लहर पत्करून अधिक धार देणारा, चेबिशेव्ह यांच्या बहुपदींवर आधारलेला वक्र हवा असेल तर लाभ सु. १·९५. (या शेवटच्या दोन वक्रांसाठी रोधक किंवा धारित्रे यांची मूल्येही थोडी बदलावी लागतात.) लाभ ३ झाला की क्यू अनंत होते व मंडल आदानाविनाच आंदोलने करू लागते. सारांश, या मंडलात लाभ अभिकल्पकाच्या इच्छेवर राहत नाही. वक्र निवडला की लाभही ठरून जातो.

अनेक नवशिके या ठिकाणी फसतात. संकेत लहान वाटतो म्हणून ते लाभ ठरविणाऱ्या रोधकांपैकी एकाच्या जागी फिरता रोधक बसवितात. खुंटी फिरविली की आवाज वाढतो खरा, पण त्याबरोबर छेद-कंप्रतेपाशी उंचवटा येतो, ठोक्यासारख्या संकेतानंतर मंडल घणघणत राहते आणि आणखी पुढे शीळ सुरू होते. खुंटीला दोष नसतो. ती बसविलेली जागा चुकीची असते. आवाजाचे नियमन छानकाच्या आधी किंवा नंतर करावे. आधी केल्यास मोठ्या संकेताने विवर्धक तुंबत नाही. नंतर केल्यास संकेत कमी करताना विवर्धकाचा स्वतःचा खरखराटही त्याबरोबर कमी होतो.

लाभ वेगळा काढण्याच्या युक्त्या : मूळ मंडल सोपे व स्वस्त असल्याने ते टाकून न देता लाभाची अडचण दूर करण्याचे काही मार्ग निघाले. पहिला मार्ग लाभ एकच ठेवण्याचा. विवर्धकाचे प्रदान सरळ ऋण आदानास जोडले की लाभ काटेकोर एक होतो, त्यासाठी रोधकही लागत नाहीत. मग आकार धारित्रांच्या गुणोत्तरावर सोपवितात : समान रोधक असता प्रदानाकडे जाणारे धारित्र भूमीकडील धारित्राच्या दुप्पट घेतले की बटरवर्थ वक्र मिळतो. यात धारित्रांचे गुणोत्तर क्यूच्या वर्गाच्या चौपट असावे लागते. त्यामुळे क्यू ५ हवे असल्यास एक धारित्र दुसऱ्याच्या शंभरपट घ्यावे लागते आणि हा मार्ग मंद वक्रांपुरताच राहतो.

दुसरी युक्ती आदानाकडील पहिल्या रोधकाच्या जागी दोन रोधकांचा विभाजक घालण्याची. समजा, दोन्ही रोधक १० किलोओहम आहेत, विवर्धकाचा लाभ १·५८६ आहे, पण एकूण लाभ १ हवा आहे. तर पहिल्या रोधकाच्या जागी आदानाकडून १५·८६ किलोओहम आणि भूमीकडे २७·०६ किलोओहम असे दोन रोधक जोडावेत. ते समांतर धरले तर १० किलोओहमच होतात, म्हणून वक्र हलत नाही. मात्र संकेत १·५८६ पटीने कमी होऊन आत येतो. याउलट अधिक लाभ हवा असल्यास विवर्धकाचा लाभ वाढवून, धारित्र प्रदानास न जोडता प्रदानावरील विभाजकाच्या मधल्या सांध्यास जोडतात. सांध्याशी लाभ पूर्वीइतकाच दिसतो व प्रदानाशी तो जास्त मिळतो. विभाजकाचे रोधक छानकातील रोधकांच्या मानाने बरेच लहान असले पाहिजेत, अन्यथा तेही छाननात भाग घेऊ लागतात.

तिसरा मार्ग संकेत विवर्धकाच्या ऋण आदानास देऊन दोन वाटांनी पुनःप्रदाय करण्याचा. या बहुपुनःप्रदायी मंडलात अतिनीच कंप्रतेचा लाभ पुनःप्रदायाचा रोधक व आदानाचा रोधक यांच्या गुणोत्तराएवढा असतो. त्यामुळे तो हवा तसा घेता येतो. तरीही गाठ पुरती सुटत नाही. आदानाचा रोधक बदलल्यास छेद-कंप्रता तशीच राहिली तरी क्यू बदलते, म्हणून लाभ एकदा ठरवून सर्व मूल्ये त्यानुसार काढावी लागतात.

अधिक धार हवी असल्यास दोन किंवा अधिक मंडले एकापुढे एक जोडतात, तेव्हा लाभांचा गुणाकार होतो. चौथ्या कोटीच्या बटरवर्थ छानकात दोन मंडलांची क्यू-मूल्ये ०·५४१ व १·३०७ आणि लाभ १·१५२ व २·२३५ असतात. एकूण लाभ सु. २·५७ होतो. धन व ऋण १५ व्होल्ट पुरवठ्यावर चालणारा विवर्धक सु. १३ व्होल्टपर्यंतच दाब देऊ शकतो, म्हणून आदान ५ व्होल्टच्या वर गेले की शिखरे कापली जातात. शिवाय कोणते मंडल आधी ठेवावे हाही प्रश्न असतो. जास्त लाभाचे मंडल आधी ठेवल्यास खरखराट कमी राहतो. ते नंतर ठेवल्यास छेद-कंप्रतेजवळच्या मोठ्या संकेताने तुंबण्याचा धोका कमी होतो. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत, आणि या बाबतीत अभियंत्यांत आजही एकमत नाही.

संवेदनशीलतेचा प्रश्न : सॅलन व की यांच्या आधी, १९५३-५४ मध्ये, जे. जी. लिनव्हिल यांनी ट्रँझिस्टरांचा ऋण संरोध परिवर्तक वापरून छानक बनविण्याची पद्धत दिली होती. गणिती दृष्ट्या ती अत्यंत व्यापक होती, परंतु तिच्यात दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीतून लहान राशी मिळवावी लागे, आणि अशा वजाबाकीत घटकांतील बारीकशी चूकही मोठी होऊन बाहेर येते. सॅलन व की यांच्या समान घटकांच्या मंडलातही हाच दोष दडलेला आहे. लाभ २·९ ठेवल्यास क्यू १० येते. तो शेकडा १ ने वाढून २·९२९ झाला की क्यू एकदम १४ वर जाते. शेकडा ३·५ ने वाढला तर मंडल आंदोलक बनते. याउलट १·५८६ लाभाच्या बटरवर्थ मंडलात शेकडा १ वाढीने क्यू ०·७०७ वरून केवळ ०·७१५ होते. समान घटकांचे हे मंडल मंद वक्रांसाठी उत्तम आणि तीव्र वक्रांसाठी अविश्वसनीय, असा निर्णय या आकड्यांवरूनच देता येतो.

संकलित मंडलांच्या रूपातील क्रियात्मक विवर्धक आल्यावर या प्रश्नाचे स्वरूप पालटले. रॉबर्ट वाइडलर यांनी अभिकल्पित केलेला ‘७०९’ हा विवर्धक १९६५ मध्ये, तर डेव्हिड फुलागर यांचा, स्थैर्यासाठी लागणारे धारित्र आतच असलेला ‘७४१’ हा १९६८ मध्ये बाजारात आला. एका नलिकेला लागे त्याहून कमी जागेत व थोड्याच काळात फार कमी किंमतीत विवर्धक मिळू लागल्यावर, एका विवर्धकाकडून दोन कामे करवून घेण्याची काटकसर अनावश्यक ठरली. मात्र या विवर्धकांच्याही मर्यादा होत्या. ‘७४१’ चा मूळ लाभ कंप्रतेबरोबर घटत जातो व १० किलोहर्ट्‌झला तो सु. १०० च उरतो. त्यामुळे ब्लॅक यांच्या तत्त्वानुसार खर्ची घालावयास शिल्लकच राहत नाही आणि रोधकांनी ठरविलेला लाभ प्रत्यक्षात मिळेनासा होतो. आणखी वरच्या कंप्रतांस विवर्धकाचा प्रदान संरोध वाढून संकेत धारित्रामधून सरळ प्रदानाकडे निसटू लागतो. जे अडवावयाचे तेच मागील दाराने बाहेर पडते.

काटकसर सोडून देणारी पहिली प्रसिद्ध रचना १९६७ मध्ये कर्विन, ह्यूल्समन व न्यूकॉम यांनी दिली. तिच्यात दोन समाकलक व एक संकलक असे तीन विवर्धक आहेत. म्हणजे सदृश संगणकावर द्वितीय कोटीचे समीकरण सोडविण्याची जुनी मांडणीच येथे छानक म्हणून वापरली आहे. तिची संवेदनशीलता फार कमी असते, परंतु तीन विवर्धकांच्या रूपात लाभ व क्यू यांचा काहीसा संबंध अजून राहतो; तो तोडण्यास चौथा विवर्धक घ्यावा लागतो. जे. टो (१९६८) व एल्. सी. टॉमस (१९७१) यांनी अभ्यासिलेल्या, तीनच विवर्धकांच्या दुसऱ्या मांडणीत हा संबंधही उरत नाही. एका रोधकाने कंप्रता, दुसऱ्याने क्यू आणि आदानाच्या रोधकाने केवळ लाभ, अशी कामांची वाटणी होते. वेटोळ्यांच्या काळात लाभाचे नियमन जितके मोकळे होते तितके ते वेटोळ्याविना होण्यास अशा रीतीने सॅलन व की यांच्या निबंधानंतर सु. दीड दशक लागले.

एच्. जे. ऑर्चर्ड यांनी याच सुमारास, १९६६ मध्ये, वेगळीच दिशा दाखविली. दोन्ही टोकांस रोधक असलेला जुना वेटोळी-धारित्रांचा शिडीवजा छानक घटकांतील चुकांबाबत स्वभावतःच सहनशील असतो. म्हणून त्याची रचना कायम ठेवून प्रत्येक वेटोळ्याच्या जागी वेटोळ्यासारखे वागणारे विवर्धकांचे मंडल बसवावे, असे त्यांनी सुचविले. अचूक छानकांच्या पुढील विकासावर या विचाराचा मोठा प्रभाव पडला.

लाभ व आकार यांची गाठ नकोशीच असते असे नाही. रॉबर्ट मूग यांनी इलेक्ट्रॉनीय संगीतवाद्यासाठी ट्रँझिस्टरांच्या चार पायऱ्यांचा, विद्युत् दाबाने छेद-कंप्रता बदलता येणारा निम्नपारक छानक तयार केला व त्याचे एकस्व त्यांना १९६९ मध्ये मिळाले. यात चार पायऱ्यांनंतरचे प्रदान आदानाकडे उलट फिरवून परत नेतात. पुनःप्रदाय वाढवीत गेल्यास छेद-कंप्रतेपाशी शिखर उभे राहते आणि तो चौपट झाला की आंदोलने सुरू होतात. परंतु त्याच वेळी खालच्या स्वरांचा लाभ एक पंचमांशावर येतो. सॅलन व की यांच्या मंडलात आकार तीव्र करताना लाभ वाढतो, येथे तो घटतो. खर्ज पातळ होत जाण्याचा हा गुण अभियंत्याच्या दृष्टीने दोषच होय. तथापि पुष्कळ वादक त्यास या वाद्याच्या आवाजाची ओळख मानतात आणि तो भरून काढणाऱ्या सुधारित मंडलांविषयी त्यांची तक्रार असते.

उत्पादन व पुढील विकास : दूरध्वनी यंत्रणेत मानवी आवाज सु. ३·४ किलोहर्ट्‌झपर्यंत मर्यादित करून दर सेकंदास ८,००० नमुन्यांच्या रूपात पाठविण्याची पद्धत पसरल्यावर असे छानक फार मोठ्या संख्येने लागू लागले. १९७० नंतरच्या दशकात ते पातळ पटलांच्या रोधकांवर बनविले जात. पटल थोडेथोडे कापून रोध अचूक मूल्यावर आणीत. कापल्याने रोध वाढतो, तो कमी मात्र करता येत नाही. म्हणून कंप्रता, क्यू व लाभ कोणत्या क्रमाने जुळवावयाचे याला फार महत्त्व होते. एका रोधकाने एकच राशी बदलणारी मंडले कारखान्यात लोकप्रिय झाली, त्याचे एक कारण हेही आहे.

सिलिकॉनच्या तुकड्यावर रोधक व धारित्र यांची मूल्ये शेकडा २० ने वा अधिकही चुकू शकतात, परंतु दोन धारित्रांचे गुणोत्तर फार अचूक साधते. एक पिकोफॅराडचे धारित्र दर सेकंदास एक लाख वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे फिरविले तर ते १० मेगओहम रोधकासारखे वागते. या तत्त्वावरील स्विचित-धारित्र छानक १९७७ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. त्यांत छेद-कंप्रता घड्याळाच्या स्पंदांवरून ठरते व लाभ धारित्रांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून. निर्मितीनंतर जुळवाजुळवीची गरजच उरली नाही.

पुढे छाननाचे बरेच काम अंकीय गणनेकडे गेले. अंकीय छानकात लाभ म्हणजे केवळ एक गुणक होय. तो बदलल्याने वक्र हलत नाही. परंतु संकेताचे अंकांत रूपांतर करण्यापूर्वी नमुना-कंप्रतेच्या निम्म्यापलीकडील घटक काढून टाकावेच लागतात आणि ते काम अंकीय छानक करू शकत नाही, कारण एकदा नमुने घेतल्यावर ते घटक खालच्या कंप्रतांत मिसळून गेलेले असतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीत (कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये) दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. तिचे ध्वनिमुद्रण करताना २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज राखून २२·०५ किलोहर्ट्‌झच्या वरचे सर्व काढणे आवश्यक होते. नंतर गरजेपेक्षा कितीतरी अधिक नमुने घेण्याची पद्धत रूढ झाल्याने ही अट पुष्कळ सैल झाली व द्वितीय कोटीचे एखादे साधे मंडल पुरेसे ठरू लागले. आज रूपांतरकाच्या तोंडाशी सामान्यतः सॅलन व की यांचे किंवा बहुपुनःप्रदायी मंडल असते. संवेदकाकडून येणारा मोठ्यात मोठा संकेत रूपांतरकाची मर्यादा जेमतेम गाठील अशा बेताने त्याचा लाभ निवडतात. आणि सॅलन व की यांच्या मंडलात तो वक्राच्या सूत्राशी जुळत नसेल, तर आदानाकडे विभाजक घालण्याची जुनी युक्तीच वापरतात.